कागद बदलून पाहा

आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत जरा लांबलचक छापलं गेलंय: हातकागद, पारंपरिक तंत्रं आणि आधुनिक मिनिमलिस्ट कोलाज. सोप्या भाषेत सांगायचं तर हाताने बनवलेला कागद घ्यायचा, तो फाडायचा किंवा कापायचा, दुसऱ्या कागदावर चिकटवायचा आणि त्यापुढे फार काही करायचं नाही. यातलं ‘फार काही करायचं नाही’ हेच सगळ्यात अवघड आहे. आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्याविषयी.

गेल्या काही वर्षांत या प्रकारची चित्रं सगळीकडे दिसायला लागली आहेत. दुधी रंगाचा जाडसर कागद, कडा मुद्दाम ओबडधोबड, मध्ये निळीचा एक फाटका तुकडा, त्याच्या बाजूला सोनेरी रेघ, आणि उरलेली सगळी जागा मोकळी. हॉटेलच्या स्वागतकक्षात, दवाखान्यात, नव्या फ्लॅटच्या बैठकीत हे चित्र शोभून दिसतं. डोळ्यांना त्रास देत नाही, सोफ्याशी भांडत नाही. आम्हाला त्या शोभण्याबद्दल आकस नाही. घराला शोभा हवीच. पण समीक्षा म्हणून बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न विचारावा लागतो. या चित्रात जे कमी आहे, ते विचारपूर्वक कमी केलेलं आहे, की मुळातच नव्हतं? मराठीत ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात. मिनिमलिझमच्या नावाखाली पुष्कळ मुठी झाकलेल्या असतात. त्या उघडायच्या कशा?

त्यासाठी आम्ही एक साधी कसोटी वापरतो. चित्र पाहताना मनातल्या मनात त्यातला कागद बदलायचा. हातकागदाच्या जागी दुकानातला गिरणीचा कागद ठेवायचा. आकार तेच, रंग तेच, मांडणी तीच. मग पाहायचं, चित्राचं काय जातं? काहीच गेलं नाही, तर तिथे हातकागद फक्त शोभेला होता. आणि चित्रच कोसळलं, तर समजायचं की तो कागद काहीतरी बोलत होता. आज ही कसोटी काही खऱ्या कलाकृतींना लावून पाहू. शेवटी ती कसोटीच तपासू, कारण तिलाही मर्यादा आहे.

आधी कागदाविषयी थोडं. हे तांत्रिक वाटेल, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्याकडचा हातकागद मुख्यतः सुती चिंध्यांचा. आज बहुतेक ठिकाणी होजियरीच्या कारखान्यातली कात्रणं वापरतात. ती बारीक तुकडे करून पाण्याबरोबर कुटतात, त्याचा लगदा होतो. लगदा हौदात पातळ करतात, जाळीची चौकट त्यात बुडवून वर उचलतात, पाणी गळतं आणि जाळीवर तंतूंचा एक थर राहतो. तो कापडावर उलटवायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचा. शाई फुटू नये म्हणून वरून खळ द्यायची. मग घोटायचा. यातली चौकट उचलण्याची क्रिया आहे ना, ती सगळ्यात नाजूक. उचलताना हात किंचित हलवावा लागतो, म्हणजे तंतू एकमेकांत सगळ्या दिशांनी अडकतात.

गिरणीत असं होत नाही. तिथे लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बहुतेक तंतू जाळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला झोपतात. म्हणून वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं आणि आडवं फाडलं तर वेडंवाकडं. घरी जाऊन करून पाहा. हातकागदात ही दिशा जवळजवळ नसते. तो कुठूनही फाडा, सारखाच विरोध करतो. त्यामुळे कोलाज करणाऱ्याला त्याच्याशी प्रत्येक वेळी नव्याने बोलणी करावी लागतात. अनुभवी माणसं कुंचल्याने पाण्याची एक रेघ ओढतात, कागद तिथे मऊ पडतो, आणि मग हलकेच दोन्ही बाजूंनी ताणतात. जी कड मिळते ती कापलेली नसते आणि नुसती फाटलेलीही नसते.

त्या कडेवरून कागदाचं मूळही ओळखता येतं. जपानी कोझो कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात. त्याचे तंतू लांब, म्हणून त्याची ओली फाडलेली कड केसाळ दिसते, दोन तुकडे शेजारी ठेवले तर एकाचे तंतू दुसऱ्यात शिरतात. जपानमधली चिगिरी-ए ही फाडलेल्या कागदांची चित्रकला याच गुणावर उभी आहे. नेपाळी लोकता कागदही सालीचाच. आपल्या चिंधीच्या कागदाचे तंतू त्या मानाने आखूड. त्याची कड लोकरीसारखी मऊ आणि जाड येते. म्हणजे कड ही चित्रातली रेघच असते, आणि ती अर्धी कलावंताने काढलेली असते, अर्धी कागद बनवणाऱ्याने. हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला याच्याकडे परत यायचं आहे.

महाराष्ट्राचा या धंद्याशी जुना संबंध आहे. वेरूळच्या वाटेवर खुलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासून तिथे कागद होत आला, असं परंपरा सांगते. दौलताबादी आणि जुन्नरी कागद मराठी दप्तरांत वापरला जाई. जुना कागद उजेडासमोर धरला तर त्यात बारीक समांतर रेघा दिसतात. गवताच्या काड्यांच्या चटईवर तो उचललेला असे, त्या काड्यांच्या या खुणा. पुढे 1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि हातकागद हा त्याच्या कामाचा भाग झाला. गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशींनी 1940 साली पुण्यात हातकागद संस्था काढली. शिवाजीनगरची ही संस्था पुणेकरांना सांगायला नकोच.

आता दुसरी गोष्ट, चिकटवण्याची. कोलाज हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याच्या मुळाशी डकवणं ही क्रिया आहे. कलेचा इतिहास शिकवताना 1912 साल सांगतात, पिकासो आणि ब्राक. त्यांनी वर्तमानपत्राचे तुकडे, भिंतीचा कागद चित्रात आणला आणि चित्रकलेचं तोंडच फिरवलं, हे खरं. पण कागदावर कागद डकवून चित्राची जमीन तयार करणं आपल्याकडे कितीतरी जुनं आहे. लघुचित्रं ज्यावर रंगवत ती वसली म्हणजे काय? पातळ कागदांचे थर खळीने एकमेकांवर चिकटवायचे, दाबून वाळवायचे आणि अकीक दगडाने किंवा शिंपल्याने घोटायचे. शाळेत आपण जो ‘घोटीव कागद’ चिकटकामाला घ्यायचो, त्याच्या नावात ही क्रिया अजून शिल्लक आहे बरं का. मुरक्का म्हणजे चित्रसंग्रहाची वही. त्यात एका पानावर चित्र, सुलेखन, हाशियाचे वेगवेगळे कागद असे तुकडे नीट जुळवून डकवलेले असत. आणि विजापूरला सतराव्या शतकात तर अबरी कागदाची, म्हणजे संगमरवरासारख्या लहरी उठवलेल्या कागदाची, कमाल केली. हडकुळ्या घोड्याचं अंगच त्या लहरींनी भरलेलं, बाकी कागद मोकळा, आणि थोड्या रेषा. अंग झाकून, आडोसे ठेवून ते रंगात उतरवलेलं असे. पाहणाऱ्याला मात्र कापून डकवलेल्या कागदाचाच भास होतो. त्या घोड्यापुढे आजचं पुष्कळसं ‘मिनिमल’ काम बोलघेवडं वाटतं.

खळीविषयीही बोललं पाहिजे, कारण समीक्षेत चिकटवण्याचा पदार्थ कोणी विचारातच घेत नाही. गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. आपले जुने बांधणीवाले हेच वापरत. या खळीचा गुण असा की पाणी लावलं तर जोड पुन्हा सुटतो. जुनी कागदपत्रं दुरुस्त करणारे लोक आजही गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात ती याचसाठी. उद्या चुकलं असं वाटलं तर काढता यावं. फेव्हिकॉलने लावलेला तुकडा असा सहजी निघत नाही, आणि निघाला तर खालच्या कागदाची साल घेऊन निघतो. तंत्राचा हा फरक अर्थालाही लागतो. खळीच्या जोडात एक प्रकारची नम्रता असते. दोन कागद एकत्र आले आहेत, पण त्यांनी एकमेकांना कायमचं गिळलेलं नाही.

एवढी सामग्री हाताशी घेऊन आता झरीनाकडे जाऊ. झरीना हाश्मी. त्या फक्त ‘झरीना’ एवढंच नाव लावत. जन्म 1937, अलीगढ. वडील तिथल्या विद्यापीठात इतिहास शिकवत. झरीना स्वतः गणिताच्या पदवीधर. नवरा परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बँकॉक, पॅरिस, टोकियो, बॉन असा संसार फिरत राहिला. पॅरिसला हेटर यांच्या कार्यशाळेत आणि टोकियोला तोशी योशिदांकडे त्या छपाई शिकल्या. मग न्यूयॉर्कमध्ये राहिल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी आई-वडील कराचीला गेले आणि अलीगढचं घर सुटलं. 2020 साली लंडनमध्ये त्या वारल्या. त्यांच्या कामाचं मोठं सिंहावलोकन 2012 साली लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयात झालं. त्याचं नाव होतं ‘पेपर लाइक स्किन’, त्वचेसारखा कागद. नाव बरोबर आहे. 1977 च्या सुमारास त्यांनी नुसत्या शिवणाच्या सुईने कागदाला भोकं पाडून चित्रं केली. शाई नाही, रंग नाही. कागदाला टोचलं की तो किंचित फुगतो, आणि त्या फुगवट्यावर उजेड पडतो. ती भोकं गिरणीच्या गुळगुळीत, ताठ कागदावर पाडा. भोकं दिसतील, पण टोचलेलं दिसणार नाही. आमची कसोटी इथे लगेच लागू पडते.

त्यांचं ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ हे 1999 सालचं काम आता खूप प्रसिद्ध आहे. 36 लाकूडठसे. प्रत्येकावर एक भौमितिक आकृती आणि खाली सुलेखनात एक उर्दू शब्द. घर, उंबरठा, अंगण, सरहद्द, भाषा, असे शब्द. ठसा पातळ कोझो कागदावर छापलेला आणि तो कागद मग जाड कागदावर चढवलेला. म्हणजे छपाई आणि कोलाज यांच्या मधोमध. काही लोक म्हणतील, चार रेघा तर आहेत! हो, चारच आहेत. पण त्या पातळ कागदाची कड खालच्या कागदावर दिसते. चित्र त्याच्या पार्श्वभूमीत मुरलेलं नाही, वर बसलेलं आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर ठेवलेलं घर. घर सुटलेल्या माणसाच्या स्थितीचं यापेक्षा अचूक वर्णन रेषेत करता आलं नसतं. ते जोडात केलेलं आहे.

2001 सालचं ‘डिव्हायडिंग लाइन’ घ्या. भारत आणि पाकिस्तान यांच्यामधली ती सीमारेषा. हातकागदावर एक काळी, वाकडीतिकडी रेघ वरून खाली उतरते. बाकी काही नाही. आता लाकूडठशाची रीत आठवा. लाकडाचा जो भाग राहतो त्याला शाई लागते, जो कोरून काढला तो कोरा उमटतो. म्हणजे ती एक काळी रेघ कागदावर यावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं लाकूड खणून काढावं लागलं. रेघ ठेवायची तर आजूबाजूचं सगळं जावं लागतं. फाळणीत झालं ते हेच. आणि खणताना राहून गेलेल्या लाकडाच्या बारीक खुणा कागदावर इकडेतिकडे उमटलेल्या आहेत. रिकामी जागा अगदी रिकामी होत नाही. मंडळी, आम्ही जेव्हा ‘विचारपूर्वक कमी केलेलं’ म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे हे असतं. इथे ‘कमी’ ही शैली नाही, ती घडलेल्या गोष्टीची नक्कल आहे.

2004 सालच्या ‘लेटर्स फ्रॉम होम’मध्ये बहिणीने उर्दूत लिहिलेली, न पाठवलेली पत्रं आहेत आणि त्यांवर घरांचे नकाशे, शहरांचे नकाशे छापलेले आहेत. पत्र वाचता येत नाही, नकाशा पुरता पाहता येत नाही, दोन्ही एकमेकांच्या आड येतात. पुढे 2013 च्या ‘फोल्डिंग हाउस’मध्ये शाईने माखलेला भारतीय हातकागद आणि सोन्याचा वर्ख असं शुद्ध कोलाज येतं. लहान लहान घरं, कापून लावलेली.

पण स्तुतीच करायची असेल तर समीक्षा कशाला? आमच्या मते झरीनांच्या उत्तरकाळातल्या सोन्याच्या कामांत एक अडचण आहे. 2010 सालचं ‘ब्लाइंडिंग लाइट’ पाहा. मोठा जपानी कागद, त्याला उभ्या फटी कापलेल्या आणि सगळा 22 कॅरट सोन्याच्या वर्खाने मढवलेला. सूफी परंपरेतल्या दिपवणाऱ्या प्रकाशाशी त्याचं नातं लावलं जातं, ते पटण्यासारखंही आहे. पण कसोटी लावली की कागद हरतो. कापड घेतलं असतं, पत्रा घेतला असता, तरी सोनं असंच चमकलं असतं. ज्या कलावतीने आयुष्यभर कागदाला बोलतं केलं, तिच्या कामात कागद इथे गप्प बसतो. आणि आज बाजारात जी सोनेरी रेघ ठायी ठायी दिसते ती अशाच कामांच्या वरवरच्या रूपातून उचललेली वाटते. सुईची भोकं उचलायला कोणी जात नाही, कारण त्यात चमक नाही.

याच्या अगदी उलट टोकाला सोमनाथ होर. चित्तगावकडचे, जन्म 1921. बंगालचा 1943 चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला, चितारला. तेभागाचं शेतकरी आंदोलन पाहिलं. 1970 च्या दशकात शांतिनिकेतनमध्ये त्यांनी ‘वूंड्स’, म्हणजे जखमा, ही मालिका केली. मातीच्या पाटीवर सुरीने, तापलेल्या हत्याराने घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा करायचा आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबायचा. वाळला की पांढऱ्यावर पांढरी जखम. क्वचित कुठे लालसर डाग. रूढ अर्थाने हे कोलाज नव्हे, पण आजच्या विषयाला याच्याइतका जवळचा नमुना दुसरा नाही. कारण इथे कागदावर जखमेचं चित्र नाही, कागदच जखमी आहे. आणि लगदा म्हणजे काय? फाटकी वस्त्रं कुटून केलेला पदार्थ. दुष्काळ पाहिलेल्या माणसाने चिंध्यांच्या वंशातला पदार्थ निवडावा, हा योगायोग आम्ही मानत नाही. यात कागद बदलून पाहायची सोयच नाही, कारण कागद काढला तर उरतच नाही काही. हॉटेलच्या भिंतीवर हे चित्र कोणी लावणार नाही. तेही एक प्रमाणपत्रच म्हणायचं.

आता पाहुण्याचं उदाहरण. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग. 1973 साली त्यांनी फ्रान्समध्ये आंबेर इथल्या जुन्या हातकागदाच्या गिरणीत काम केलं. ‘पेजेस’ मालिकेत तर लगद्याचेच वेगवेगळे आकार, फार तर एखादी चिंधी नाहीतर सुतळी. त्यांच्यासारख्या भरगच्च माणसाने इतकं कमी केलेलं पाहून नवल वाटतं. मग 1975 साली ते साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आले आणि साबरमती आश्रमाच्या कागदशाळेत काम केलं. त्यातून ‘बोन्स’ आणि ‘युनियन्स’ या मालिका निघाल्या. ‘बोन्स’मध्ये ओल्या हातकागदाच्या थरांत बांबूच्या कांबी आणि कापडाचे तुकडे दाबलेले आहेत. ‘युनियन्स’मध्ये तर त्यांनी आपल्याकडच्या मातीच्या भिंती पाहून कागदाच्या लगद्यात माती कालवली, त्यात मेथीची पूड, चिंचोक्याचं पीठ, डिंक आणि मोरचूदसुद्धा. चिंचोक्याची खळ आपल्याकडे घोंगडीला देतात, हे धनगरवाड्यात वाढलेल्या कोणालाही माहीत आहे. परक्याला जी नवी सामग्री वाटली ती इथल्या स्वयंपाकघरातून आणि मागावरून आलेली होती.

‘बोन्स’ आम्हाला फार मोलाचं वाटतं. बांबूची कांब ओल्या कागदाखाली अशी दिसते जशी उन्हात काम करणाऱ्याची बरगडी कातडीखाली. नाव ठेवणाऱ्याने काय पाहिलं ते कळतं. कागद इथेही त्वचाच आहे, पण झरीनांच्या कामातली आठवण इथे नाही, समोर दिसलेलं शरीर आहे. ‘युनियन्स’बद्दल आमचं मत इतकं चांगलं नाही. मातीचे ते गोळे, दोऱ्या आणि रंगीत कापडं यांत पाहुण्याचं नवल जास्त आहे. पाहुण्याला सगळंच छान वाटतं. मातीच्या भिंतीत राहणाऱ्याला ती दर पावसाळ्याआधी लिंपावी लागते, ही गोष्ट त्या कामात कुठे लागत नाही.

इथे कोणी म्हणेल, तुमची कसोटी हातकागदाचंच कौतुक करणारी आहे. म्हणून एक उलट उदाहरण देतो. विनोदबिहारी मुखोपाध्याय. शांतिनिकेतनचे थोर भित्तिचित्रकार. जन्मापासून दृष्टी अधू, आणि 1957 साली शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. त्यांच्यावर सत्यजित राय यांनी 1972 साली ‘द इनर आय’ हा लघुपट केला. दृष्टी गेल्यावर विनोदबिहारींनी रंगीत कागद कापून, डकवून चित्रं केली. त्या चित्रांतला कागद साधा आहे. आमच्या कसोटीप्रमाणे कागद बदला, फारसं काही बिघडत नाही. पण चित्रं उत्तम आहेत! कारण तिथे जे बदलता येत नाही ते वेगळं आहे. ती कात्रीची कड. डोळ्याला न दिसणारी आणि बोटाला कळणारी कड. डोळस माणसाने तीच आकृती कापली तर ती इतकी ठाम येत नाही.

तेव्हा कसोटी थोडी दुरुस्त करून घेऊ. प्रश्न एकट्या कागदाचा नाही. प्रत्येक कमी असलेल्या चित्रात एक गोष्ट अशी असावी लागते, जी काढली तर चित्र उभं राहत नाही. झरीनांमध्ये ती जोड आहे, होरांमध्ये लगदा, विनोदबिहारींमध्ये कड. मात्र एखादा कलावंत जेव्हा आपल्या कामाच्या नावातच ‘हातकागद’ लिहितो, ‘पारंपरिक तंत्र’ लिहितो, तेव्हा ती गोष्ट कागदात आणि तंत्रात असल्याचा दावा तो स्वतःच करत असतो. मग आम्ही कागद बदलून पाहणारच.

आणि आता त्या वाक्याकडे परत येऊ. कड अर्धी कलावंताची, अर्धी कागद बनवणाऱ्याची. असं असेल तर ‘हातकागद’ या शब्दातला हात कोणाचा? चित्राखालच्या चिठ्ठीवर कलावंताचं नाव असतं, साल असतं, माप असतं, आणि ‘हँडमेड पेपर’ असं लिहिलेलं असतं. जपानी कागद असेल तर पुष्कळदा त्याची जातही असते. आपला असेल तर बहुधा नुसतं ‘इंडियन’. कुठल्या गावचा, कुठल्या कागदशाळेचा, कोणी उचललेला, काही नाही. अहमदाबादच्या कामांची चर्चा होते तेव्हा चित्रकाराचं नाव येतं, यजमानांचं येतं, प्रकाशक संस्थेचं येतं. हौदावर उभं राहून चौकट उचलणाऱ्या माणसांची नावं त्या चिठ्ठ्यांवर दिसत नाहीत. मिनिमलिझममध्ये अनावश्यक ते वगळतात. ठीक. पण अनावश्यक काय, हे ठरवताना नेहमी तोच माणूस वगळला जातो, याची आम्हाला फार खंत वाटते.

हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. खरा हातकागद महाग पडतो, कारण त्यात मजुरी आहे. चित्र पाहणारे, विकत घेणारे आणि आमच्यासारखे त्यावर बोलणारे जर खऱ्या कडेतला आणि यंत्राने कातरून ओबडधोबड केलेल्या कडेतला फरक ओळखत नसतील, तर कलावंत खरा कागद का घेईल? आणि तो घेणार नसेल तर कागजी का बनवेल? हौदातून सारख्या जाडीचा कागद उचलणं हे काम पुस्तक वाचून येत नाही, उचलणाऱ्याच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहून येतं. ती साखळी एकदा तुटली की नंतर अनुदान देऊन जोडता येत नाही. म्हणजे आपल्या पाहण्याच्या आळसाची किंमत भलताच माणूस भरतो. वाईट चित्राचं कौतुक केलं तर चित्रकाराचं फार बिघडत नाही. बिघडतं ते कागजीचं.

म्हणून काही सूचना करून थांबतो. कलावंतांनी कागद विकत घेण्याआधी एकदा तरी कागदशाळेत जाऊन हौदात हात घालावा. पुण्यात राहणाऱ्याला तर लांबही जावं लागत नाही. किती वजनाचा कागद हवा, लगदा किती कुटलेला हवा, खळ किती हवी, हे सांगून बनवून घ्यावं. त्याने चित्र बदलतं, नुसता कागद बदलत नाही. कलादालनांनी चिठ्ठीवर कागदाचं गाव लिहावं आणि बनवणाऱ्याची हरकत नसेल तर नावही लिहावं. एका ओळीची जागा लागते. मिनिमल चित्राशेजारी तेवढी जागा नक्की असते.

आणि पाहणाऱ्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, चित्राच्या मध्ये पाहण्याआधी कडेला पाहावं. थोडं बाजूला होऊन तिरक्या उजेडात पाहावं. तुकडा कुठे उचलला गेलाय, कुठे बसलाय, तंतू कुठे शिरलेत, खळीने कागद कुठे ओढलाय, हे दिसायला लागतं. मग मोकळी जागा कुठली मोकळी आहे आणि कुठली नुसती सोडून दिलेली आहे, हे सांगायला समीक्षक लागत नाही.